उजवा पट्टा

१

रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळचे आठ चाळीस. जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या एका सभागृहात भाऊराव झाडे यांनी सात नंबरच्या टेबलावरचा रणगाडा उचलला, भिंतीकडची बाजू उजेडाकडे फिरवली आणि खाली ठेवला.

"हा पट्टा कोणं सरळ केला?" त्यांनी विचारलं.

प्रश्नच कोणाला कळला नव्हता.

रणगाडा प्लास्टिकचा होता. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा, वीतभर लांब. सेंच्युरियन, १९७१ सालचा, बाजूचे पत्रे काढलेला, त्यामुळे चाकं आणि चाकांभोवतीचा पट्टा उघडा दिसत होता. पट्ट्यावरच्या खाचांना पुढची-मागची दिशा असते. शहरातल्या मॉडेल मंडळाचं वार्षिक प्रदर्शन शनिवारी सुरू झालं होतं, रविवारी संपणार होतं. टेबलं एकोणतीस. भाऊरावांचं वय शहात्तर. तीनशेवर तुकडे चिमट्यानं जोडायला त्यांना सात महिने लागले होते.

"काका, ट्रॅक तो सीधा ही होता है," पियूष देव म्हणाला. वय एकतीस, मंडळातला सगळ्यात सफाईदार हात. मराठी त्याला समजायची पूर्ण, बोलता यायची अर्धी. "उलटा ट्रॅक म्हणजे नवशिक्याची मिस्टेक. जज लोग सबसे पहले वही देखते हैं."

"माझा उजवा उलटाच होता. मी मुद्दाम उलटा चढवला होता."

"मुद्दाम? तो कशासाठी, भाऊराव?" मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब मोहिते यांनी विचारलं. निवृत्त प्राध्यापक, उजवं मनगट प्लास्टरमध्ये, हात गळ्यात बांधलेला.

"बारा वाजता सांगीन. कर्नलसाहेबांसमोर."

भाऊरावांचा मुलगा अंकुर वडिलांना स्कूटरवर घेऊन आला होता. वय चव्वेचाळीस. त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, चला, आधी चहा घ्या." मग बाकीच्यांकडे वळून आवाज खाली आणला. "मागच्या महिन्यात दीक्षितपुऱ्यात घरचा रस्ता चुकले. पूरी जिंदगी तिथं गेली त्यांची. डॉक्टरला दाखवून राहिलो."

सभागृह रिकामं होतं. खालच्या आवाजातलं बोलणंही चारही भिंतींना ऐकू जात होतं.

"रस्ता चुकलो मी," भाऊराव म्हणाले. "पट्टा नाही चुकलो."

शरयू मोघे आतापर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. वय बासष्ट, मंडळाच्या सचिव. त्याआधी तेहतीस वर्षं शहरातल्या एका कारखान्यात तपासनीस. त्यांनी रणगाड्यावर काचेसारखं झाकण परत ठेवलं आणि सांगितलं, "या टेबलाला आता कोणी हात लावायचा नाही."

त्यांच्या पिशवीत एका पत्राची प्रत होती. ती असल्याचं त्या खोलीत फक्त भाऊरावांना ठाऊक होतं.

२

पत्रावर तारीख होती ९ ऑक्टोबर २०२५. मजकूर भाऊरावांचा. टाइप शरयूताईंनी केलं होतं.

डिसेंबर १९७१ मध्ये भाऊराव बावीस वर्षांचे होते, सैन्याच्या दुरुस्ती दलात. पश्चिम सरहद्दीवर एका कालव्याच्या काठावरून बंद पडलेले रणगाडे ओढून आणायचं त्यांचं काम. त्यातल्या एका रणगाड्याचा चालक विठोबा रोकडे. विठोबाचं प्रेत रणगाड्यापासून चाळीस पावलं मागे सापडलं होतं. बाकीचे तिघे रणगाड्यातच गेले होते. विचारायला कोणी उरलं नव्हतं. कागदावर एक ओळ लिहिली गेली: चालकानं हुकमाशिवाय रणगाडा सोडला.

भाऊरावांनी तो रणगाडा ओढून आणला तेव्हा त्याचा उजवा पट्टा उलटा होता.

पत्रात पुढे लिहिलं होतं: "उलटा पट्टा कारखान्यातून येत नाही. पट्टा निसटला होता आणि अंधारात, गोळीबारात, खाली उतरून कोणीतरी तो परत चढवला. घाईत उलटा चढला. खाली उतरल्याशिवाय पट्टा चढत नाही. बाहेर फक्त विठोबा सापडला. तो पट्ट्यासाठी उतरला होता, पळाला नाही. मी माझ्या मॉडेलमध्ये उजवा पट्टा तसाच ठेवणार आहे."

त्या वेळची दुरुस्तीची नोंदवही मिळत नव्हती. दुरुस्ती पथकातलं दुसरं कोणी हयात नव्हतं. माजी सैनिकांच्या एका संग्रहालयाकडे हे पत्र गेलं. त्यांच्याकडून एक निवृत्त कर्नल रविवारी बारा वाजता येणार होते. साक्षीदार पटला तर मॉडेल विठोबाच्या नावासह संग्रहालयात ठेवायचं आणि ती ओळ बदलावी म्हणून शिफारस करायची, असं ठरलं होतं.

साडेनऊला विठोबाची मुलगी आली. अंजनी रोकडे, वय त्रेपन्न, गोहलपुरात शिवणकामाचा कारखाना. वडील गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मलेली.

"झालं का सगळं तयार, शरयूताई?" तिनं विचारलं. "मी तर रात्रभर झोपलीच नाही. आई लोकांना सांगायची का ते तापानं गेले. शाळेच्या फॉर्मवर पण मी ताप लिहिला. आता एकदा खरं लिहायचं आहे, बस."

शरयूताईंनी तिला खुर्ची दिली. तयार आहे असं म्हटलं नाही.

शक्यता दोनच होत्या. कोणीतरी पट्टा सरळ केला होता. किंवा भाऊरावांनी उलटा चढवायचं ठरवलं, पत्रात लिहिलं आणि प्रत्यक्ष चढवताना ते विसरून गेले. प्रदर्शनात रणगाड्याची डावी बाजू पुढे होती, उजवी भिंतीकडे. छापलेल्या पत्रिकेतला फोटोही डाव्या बाजूचाच. उलटा पट्टा पाहिला असं सांगणारे फक्त भाऊरावच होते.

दुसरी शक्यता खरी असेल तर साक्षीदारच संपला. बारा वाजायला अडीच तास होते.

३

शरयूताईंनी पर्समधून दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा, दांड्याचा आरसा काढला. कारखान्यात त्या नळीच्या आतला भाग त्यानं बघत.

पट्टा म्हणजे मऊ रबरी प्लास्टिकचं बंद कडं. त्याची दिशा उलटवायची तर ते काढून फिरवावं लागतं. फिरवलं की बाहेरची कड आत जाते आणि आतली बाहेर येते. माती, धूळ, गंज असं सगळं रंगकाम बाहेरच्या कडेला करतात. आतली कड चाकांमागे लपते, ती कोणी रंगवत नाही.

त्यांनी आरसा चाकांमागे सरकवला. आतल्या कडेला माती होती. राखाडी, जाडीभरडी, कड्यांच्या सांध्यात कणभर जागा न सोडता बसवलेली.

"ही माती कसली, भाऊराव?"

"ग्वारीघाटची. नर्मदेचा गाळ. वाळवून साडीच्या फडक्यातून चाळतो मी."

"आतल्या कडेला लावली होती?"

"आत कोण पाह्यते, ताई? आत काहून लावीन?"

दुसरी शक्यता तिथं संपली. पट्टा फिरवला गेला होता. भाऊरावांना बरोबर आठवत होतं.

बाहेरच्या कडेलाही धूळ होती, पण ती लालसर, पिठासारखी बारीक आणि एकसारखी होती. अशी धूळ बाटलीत तयार मिळते. सभागृहात तिची एकच बाटली होती, सहा नंबरच्या टेबलावर. ते टेबल पियूषचं होतं.

पियूषला त्यांनी मागच्या खोलीत बोलावलं.

"शनिवारी सहा वाजता भाऊरावांनी उजव्या बाजूवरून शेवटचा ब्रश फिरवला. तेव्हा पट्टा उलटा होता. साडेसातला भय्यासाहेबांनी कुलूप लावलं. आज ते, तू आणि मी मिळून उघडलं. म्हणजे जे झालं ते सहा ते साडेसातमध्ये झालं. तू होतास."

"होतो ना. भय्यासाहेब पण होते."

"त्यांच्या एका हाताला प्लास्टर आहे. धूळ तुझी आहे."

पियूषचे कान लाल झाले. "मॅडम, धूल मेरी है तो? चार वाजता मी सगळ्यांना डेमो दिला, बाटली उघडीच होती तिथं. आणि मी कशाला करीन? काकांची मिस्टेक राहिली असती तर बक्षीस मलाच मिळालं असतं."

"पटत नाही. तुला चूक बघवत नाही. माझ्या जीपचं स्टेअरिंग तू मला न विचारता सरळ केलं होतंस."

"वो तो टेढा था!" मग त्यानं हात जोडले. "अच्छा, एक सांगा. ट्रॅक काढला कसा? मागचं दाताचं चाक सगळे चिकटवतात. मग ट्रॅक निघतच नाही. जोड कापावा लागतो. मी असतो तर ब्लेडनं जोड कापला असता, नंतर जोडला असता. जाऊन बघा. कापलेला जोड कभी छुपता नहीं."

शरयूताई बाहेर आल्या. आरसा, भिंग, टॉर्च. पट्ट्याचा जोड दोन मिनिटांत सापडला. त्यावर भाऊरावांचा जुना रंग होता, भेग नाही, नवा डिंक नाही.

पट्टा न कापता काढला होता. म्हणजे मागचं चाक सैल होतं, आणि ते सैल आहे हे काढणाऱ्याला आधीच माहीत होतं.

४

भाऊराव दाराजवळच्या बाकावर बसले होते. शरयूताईंनी विचारलं, "मागचं चाक तुम्ही चिकटवत नाही?"

"नाही. जे फिरते ते चिकटवाचं नाही. दुरुस्तीतली सवय आहे."

"मंडळात हे कोणाला सांगितलंय?"

"हसतील न सारे. कोणालेच नाही."

"शनिवारी अंकुर तुम्हाला न्यायला किती वाजता आला?"

"साडेसहाला. मी भय्यासाहेबांसंग गेटवर चहा पित होतो. तो आतच थांबला, म्हणे पाहून घेतो जरा." भाऊराव थांबले. त्यांनी शरयूताईंकडे पाहिलं.

दहा चाळीसला अंकुर फोनवर बोलत व्हरांड्यात उभा होता. शरयूताई रणगाडा दोन्ही हातांत धरून त्याच्याजवळ गेल्या.

"अंकुर, जरा मदत कर. हे मागचं चाक हलतंय. ओढून काढू का?"

"ओढू नका, दीदी! तुटेल. आधी थोडं मागे फिरवा, मग..."



"मग निघतं," शरयूताई म्हणाल्या. "मंडळातल्या एकालाही हे माहीत नाही."

अंकुरनं फोन खिशात ठेवला. "लहानपणी बाबांसंग करायचो मी. चौदा वर्षांचा होईपर्यंत."

"आणि शनिवारी?"

"मी तोडलं का काही? नाही न! चूक दुरुस्त केली. ट्रॅक उलटा दिसला. ज्या माणसानं मला सहाव्या वर्षी ट्रॅकची दिशा शिकवली, तो उलटा चढवतो? सगळे पाहतील, हसतील. कर्नल येणार. पियूष मागच्या खोलीत सामान आवरत होता. पंधरा मिनिटं लागली मला. नवी कड कोरी दिसत होती, म्हणून बाजूची धूळ लावली."

"सकाळी ते विचारत होते तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं आपली चूक झाकायला आता गोष्ट बनवून राहिले. मुद्दाम उलटा कोण चढवतो?"

शरयूताईंनी पत्राची प्रत त्याच्या हातात दिली. अंकुरनं आधी तारीख वाचली, मग मजकूर, मग परत तारीख.

"घरी काहून नाही सांगितलं त्यांनी?"

"तू म्हणतोस की जुन्या गोष्टी काढल्या की त्यांचं डोकं फिरतं. म्हणून."

मागे पावलं वाजली. भाऊराव व्हरांड्याच्या दारात उभे होते. ते किती वेळ उभे होते हे कोणालाच माहीत नव्हतं.

"सांगाचं होतं न बे मला," ते म्हणाले.

"काय सांगू, बाबा? तुम्ही चुकले म्हणून?"

"हो. तसंच सांगाचं. मी म्हटलं असतं, नाही चुकलो."

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

५

पियूषनं सगळ्यात सोपा उपाय सुचवला. चाक सैल आहे, पंधरा मिनिटांचं काम, पट्टा परत उलटा चढवायचा. बाटलीतली धूळ पुसायची. कर्नलना काही कळणार नाही.

अंजनीताई उभ्या राहिल्या. "करा न मग! कोण पाहून राहिलं? पट्टा उलटाच होता न खरा?"

भय्यासाहेबांनी शरयूताईंकडे पाहिलं. शरयूताईंनी भाऊरावांकडे.

"नाही," भाऊराव म्हणाले. "साक्ष द्यायला बसलो मी. साक्षीच्या वस्तूला गुपचूप हात लावला तर माझ्यात आणि ती ओळ लिहिणाऱ्यात फरक काय? जे झालं ते सांगू."

"काका, मग अंकुरला सांगावं लागेल," अंजनीताई म्हणाल्या. "आणि त्यानं असं का केलं, ते पण."

पेच सगळ्यांना दिसला होता. पट्टा भाऊरावांनी स्वतःच फिरवला नव्हता हे सिद्ध करायला अंकुरची कबुली लागत होती. कबुलीत कारण येणारच होतं. आणि कारण एकच होतं: मुलाला वाटलं की बापाला आठवत नाही.

कर्नल बाराला दोन मिनिटं कमी असताना आले. पांढऱ्या मिशा, हातात वही. त्यांनी मॉडेल पाहिलं, पत्र वाचलं, शरयूताईंच्या आरशातून आतली कड दोनदा पाहिली. नर्मदेच्या गाळाची पुडी भाऊरावांनी आणून दाखवली, तीही त्यांनी बोटांवर चोळून पाहिली. भाऊरावांना त्यांनी कालव्याबद्दल अकरा प्रश्न विचारले. भाऊरावांनी अकराही उत्तरं न अडखळता दिली. दोर कुठं बांधला, पूल कोणत्या बाजूला होता, हवा कशी होती.

मग कर्नल अंकुरकडे वळले. "आपने ट्रॅक क्यों बदला?"

अंकुरनं सांगितलं.

"मतलब, आपको लगा कि पिताजी भूल गए. उनकी याददाश्त कैसी है? सच बताइए."

अंजनीताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. भाऊराव समोरच्या भिंतीकडे बघत होते. अंकुरला खोटं बोलायला पूर्ण मोकळीक होती. डॉक्टरचे कागद घरी कपाटात होते, कर्नलना त्यांचा पत्ता नव्हता.

"भूलते हैं, साहब," अंकुर म्हणाला. "रस्ता भूलते हैं. सुबह की दवाई भूलते हैं. पुराना कुछ नहीं भूलते."

कर्नलनी पहिली तीन वाक्यं लिहून घेतली. चौथ्या वाक्याला त्यांनी पेन थांबवलं, थोडा वेळ भाऊरावांकडे पाहिलं आणि मग तेही लिहिलं. त्याच्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. शेजारी बसलेल्या शरयूताईंना ते स्पष्ट दिसलं.

मॉडेलबद्दल आपल्याला शंका नाही, असं कर्नल म्हणाले. पट्टा फिरवला गेला हे त्यांना मान्य होतं. पण मॉडेल म्हणजे भाऊरावांची आठवण, आणि आठवणीला पुरावा म्हणायचं तर ती तपासून घ्यावी लागेल. भाऊरावांची स्मरणशक्तीची रीतसर तपासणी व्हावी आणि अहवाल डॉक्टरांनी सीलबंद करून थेट संग्रहालयाकडे पाठवावा.

जाताना त्यांनी अंजनीताईंना नमस्कार केला. "बेटी, मैं मना नहीं कर रहा."

"हां भी नहीं कर रहे," अंजनीताई म्हणाल्या.

६

बक्षीस पियूषला मिळालं. त्यानं ते घेतलं आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी खव्याची जलेबी आणली. अंजनीताई तोवर गेल्या होत्या.

तपासणी शुक्रवारी, २० फेब्रुवारीला झाली. पन्नास मिनिटं लागली. अंकुर बाहेर बसला होता. भाऊराव बाहेर आले तेव्हा त्यानं विचारलं, "कसं झालं?"

"पाच शब्द सांगितले होते. थोड्या वेळानं विचारले. चार आले."

"आणि?"

"घड्याळाचं चित्र काढायला लावलं. काढलं. साडेपाच वाजवले."

"डॉक्टरनं किती सांगितले होते?"

"साडेपाचच." भाऊराव पायरी उतरताना थांबले. "मला तरी तसंच आठवते."

अहवालाचं पाकीट सोमवारी, २३ फेब्रुवारीला स्पीड पोस्टानं गेलं. दवाखान्यातून ते अंकुरनं पोस्टात नेऊन दिलं. सील शाबूत होतं, हे काउंटरवरच्या बाईंकडून त्यानं पावतीच्या मागे लिहून घेतलं. पाकीट गुरुवारी, २६ तारखेला पोचल्याची नोंद आहे.

बुधवार, ४ मार्चच्या संध्याकाळपर्यंत संग्रहालयाकडून उत्तर आलेलं नाही. विठोबा रोकडे यांच्या नावापुढची ओळ आहे तशीच आहे.